गरोदरपणाआधी आणि गरोदरपणात आयोडीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवस गेल्याचे कळून, घरच्यांना सांगून, कामावरून सुट्टी काढून एखादी बाई नागपुरातल्या मेडिकलला, मेयोला, डागा रुग्णालयात किंवा आपल्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात पहिल्या तपासणीला पोहोचते, तेव्हा बहुधा दुसरा महिना सरत आलेला असतो. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, सोनोग्राफी हे सारे त्यानंतर वेळेवर सुरू होऊ शकते. आयोडीनचे तसे नाही. बाळाच्या मेंदूला ज्या आठवड्यांत आईच्या थायरॉईडवाचून दुसरा आधार नसतो, त्यांतले बरेचसे तोवर उलटलेले असतात. त्यामुळे ही प्रश्नोत्तरे गरोदर बायांइतकीच, लग्न ठरलेल्या आणि मूल हवे असलेल्या मुलींसाठी, आणि त्यांच्या घरी मिठाची बरणी भरणाऱ्या प्रत्येकासाठी लिहिली आहेत.

आयोडीन शरीरात नेमके काय करते?

गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती जी संप्रेरके तयार करते त्यांचा मुख्य कच्चा माल आयोडीन हाच आहे. टी-४ या संप्रेरकाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ मध्ये तीन. शरीराची ऊर्जा वापरण्याची गती ही संप्रेरके ठरवतात आणि गर्भात असताना मेंदूतील पेशी तयार होणे, त्या योग्य जागी पोहोचणे आणि त्यांची एकमेकींशी जोडणी होणे या कामांवरही त्यांचेच नियंत्रण असते. आयोडीन शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात ते जेमतेम १५ ते २० मिलिग्रॅम असते आणि त्यातला बहुतांश साठा याच ग्रंथीत असतो.

दिवस राहिल्यावर लक्ष दिले तर पुरत नाही का? आधीपासून काळजी कशासाठी?

गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात काम सुरू करते आणि ती बऱ्यापैकी हाताशी यायला अठरा-वीस आठवडे लागतात. तोपर्यंत बाळ पूर्णपणे आईच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. नेमक्या याच काळात आईच्या ग्रंथीला नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट काम करावे लागते, आणि मूत्रपिंडांतून होणारा आयोडीनचा निचराही वाढतो. म्हणजे खर्च वाढतो, गळतीही वाढते. ग्रंथीत आधीचा साठा भरलेला असेल तर हा ताण सहज निभावतो. साठा रिकामा असेल तर तिसऱ्या महिन्यात सुरू केलेला उत्तम आहारही मागचे आठवडे परत आणू शकत नाही.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात तीव्र कमतरता होती आणि तिथे १९६६ मध्ये काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने देण्यात आली, तर काहींना साध्या मिठाच्या द्रावणाची. ज्या स्त्रियांना हे आयोडीन गर्भधारणेच्या आधी मिळाले होते, त्यांच्या मुलांत आयोडीनअभावी येणारे गंभीर मतिमंदत्व टळले. ज्यांना ते दिवस राहिल्यानंतर मिळाले, त्यांच्याबाबतीत तसा भरवसा देता आला नाही. मूल हवे असे ठरले की किमान तीन महिने आधीपासून आहारातील आयोडीन नियमित असावे असे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे बऱ्याच वेळा दिवस ठरवून राहत नाहीतच. तेव्हा खरे तर वयात आलेल्या मुलीच्या घरी ही काळजी कायमची असलेली बरी.

कमी पडले तर बाळाला काय होते?

तीव्र कमतरतेत गर्भपात, मृत जन्म, बहिरे-मुकेपण, खुंटलेली वाढ आणि गंभीर मतिमंदत्व येऊ शकते. आईला गलगंड होऊ शकतो. आज आपल्या शहरात असे टोकाचे चित्र सहसा दिसत नाही, आणि ते दिसत नसल्यामुळेच सौम्य कमतरतेकडे दुर्लक्ष होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील माता आणि मुलांच्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्या मातांचे आयोडीन कमी होते, त्यांची मुले आठव्या वर्षी भाषिक बुद्ध्यांकात आणि नवव्या वर्षी वाचनात इतरांपेक्षा मागे असण्याचे प्रमाण अधिक आढळले. ही मुले आजारी नव्हती, शाळेत जात होती, खेळत होती. वर्गात थोडे मागे पडणाऱ्या मुलाकडे पाहून कोणाला त्याच्या आईच्या मिठाची आठवण येत नाही, आणि हेच मला फार लागते.

रोज किती आयोडीन लागते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर तसेच स्तनपान देणाऱ्या स्त्रीला २५० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आयुष्यभरात लागणारे आयोडीन एका चहाच्या चमच्यात मावेल, पण ते एकदम खाऊन चालत नाही. रोज कणाकणाने यावे लागते.

गलगंड हा तर हिमालयाकडचा आजार. नागपुरात त्याची चिंता कशाला?

समज जुना आहे आणि त्याला इतिहासही आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि त्याने गलगंड घटतो हे दाखवून दिले. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो मुख्यतः डोंगरी पट्ट्यासाठी. पुढे देशभर पाहण्या झाल्या तेव्हा एकही राज्य यातून सुटलेले नाही असे दिसून आले, सपाटीची राज्येही नाहीत. मग सर्वच खाण्याच्या मिठात आयोडीन घालण्याचे धोरण आले आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. कारण प्रश्न गळ्यावरच्या गाठीपुरता नव्हता, तो मेंदूचा होता.

नागपूर समुद्रापासून फार दूर आहे. जमिनीत आयोडीन कमी असेल तर तिथल्या धान्यात, भाजीत आणि तो चारा खाणाऱ्या जनावरांच्या दुधातही ते कमीच येते. पावसाने आणि पुराने मातीतले आयोडीन वाहून शेवटी समुद्रात जाते. आपल्या ताटातली ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी पौष्टिकच आहे, पण तिच्यावर आयोडीनसाठी विसंबता येत नाही. आपल्याकडे आयोडीन येते ते मुख्यतः गुजरातच्या मिठागरांतून निघून, कारखान्यात त्यावर पोटॅशियम आयोडेट या आयोडीन असलेल्या क्षाराची फवारणी होऊन, पाकिटातून.

आम्ही नेहमी पाकिटातलेच मीठ वापरतो. मग काळजीचे कारण काय?

पाकीट आणणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे ओट्यावर होते.

नागपूरच्या महाल वस्तीतल्या एका घरी, सूनबाईंना पाचवा महिना असताना, मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून पाहिले होते. शेगडीला अगदी लागून स्टीलचे उघडे भांडे, त्यात कायमचा खुपसून ठेवलेला ओला चमचा, वर ढेकूळ झालेले मीठ आणि तळाशी खाऱ्या पाण्याचा पातळ थर. बाहेर श्रावणातला पाऊस. पाकीट आयोडीनयुक्तच होते, सासूबाईंनी ते मोठ्या विश्वासाने दाखवलेही. आम्ही तपासणीच्या किटमधला थेंब आधी भांड्यातल्या वरच्या मिठावर टाकला, तर रंग जेमतेम फिका निळसर आला. कपाटातल्या नव्या पाकिटातल्या मिठावर तोच थेंब गर्द जांभळा झाला. ओल धरली की आयोडेट त्या पाण्याबरोबर खाली उतरते, आणि भांडे घासताना ते तळाचे पाणी आपण मोरीत ओतून देतो. सासूबाई बराच वेळ त्या दोन रंगांकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच लोणच्याची एक रिकामी चिनी मातीची बरणी धुऊन उन्हात वाळत घातली.

तेव्हा मीठ झाकणाच्या, कोरड्या बरणीत, शेगडीपासून आणि खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवावे. चमचा कोरडा असावा. एकदम पाच-सहा पाकिटे भरून ठेवण्यापेक्षा लागेल तसे आणावे. शक्य असेल तिथे भाजी-वरणात मीठ शेवटी घालावे, कारण फार वेळ उकळताना काही आयोडीन कमी होते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हाळ्यात आणि जुलैच्या दमट हवेत हे जास्त कटाक्षाने पाळावे.

पाकिटावर काय पाहावे?

आयोडीनयुक्त मीठ असे शब्द, हसऱ्या सूर्याचे चिन्ह आणि उत्पादनाची तारीख. नियमाप्रमाणे किरकोळ दुकानापर्यंत पोहोचलेल्या मिठात दर दहा लाख भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर देशभरात १७ मे २००६ पासून बंदी आहे. तरीही इतवारीत किंवा आठवडी बाजारात पोत्यातले सुटे खडे मीठ मिळते. ते पाच-दहा रुपयांनी स्वस्त पडते म्हणून गरोदर बाईच्या घरात येऊ नये.

घरी मीठ तपासता येते का?

आशाताईंकडे मीठ तपासण्याचे किट असते. चमचाभर मीठ ताटलीत पसरून त्यावर द्रावणाचा थेंब टाकला की निळा-जांभळा रंग येतो आणि सोबतच्या रंगपट्टीशी तो ताडून पाहतात. हा अंदाज असतो, अचूक मोजमाप नव्हे; पण आयोडीन आहे की नाही हे तो स्पष्ट सांगतो. तपासलेले मीठ पुन्हा बरणीत टाकू नये. आपल्या वस्तीत आशाताई आल्या की त्यांना निःसंकोच विचारावे.

उपवासाला सैंधव लागते. ते गरोदरपणात चालेल का?

हा प्रश्न नागपुरात सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो विचारणाऱ्या बाईला बहुतेक वेळा घरात दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावे लागलेले असते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. सैंधव म्हणजे शेंदेलोण, आणि पादेलोण म्हणजे काळे मीठ, ही खाणीतली मिठे आहेत. त्यांत नैसर्गिक आयोडीन नगण्य असते. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार किंवा महाशिवरात्र अशा एखाद्या दिवशी ते खाल्ल्याने काही बिघडत नाही, कारण ज्या स्त्रीच्या ग्रंथीत साठा पुरेसा आहे तिला एक-दोन दिवसांचा खंड जाणवत नाही. अडचण होते ती वेगळ्याच ठिकाणी. अलीकडे अनेक घरांत सैंधव अधिक शुद्ध, अधिक नैसर्गिक म्हणून रोजच्या स्वयंपाकात आले आहे. त्यातली खनिजे औषधी असतात असे कोणी सांगितलेले असते. रंग देणाऱ्या त्या खनिजांचे प्रमाण इतके अल्प असते की पोषणाच्या दृष्टीने ते हिशेबात धरण्यासारखे नाही, आणि त्या बदल्यात घराला आयोडीन देणारी एकमेव खात्रीची गोष्ट ओट्यावरून नाहीशी होते.

माझे स्पष्ट मत असे की उपवासाचे सैंधव उपवासापुरते असावे. नेम कडक असेल आणि नवरात्राचे नऊ दिवस सैंधवच हवे असेल, तर पाकिटावर आयोडीनयुक्त असे लिहिलेले सैंधवही बाजारात मिळते, ते आणावे. एरवी गरोदर बाईने निर्जळी किंवा लांबचे उपवास करूच नयेत. पण तो सल्ला आयोडीनच्या पलीकडचा आहे.

लोणचे, पापड, कुरड्या यांत खडे मीठ घालतो. आयोडीनयुक्त मिठाने लोणचे नासते किंवा काळे पडते असे म्हणतात.

नासत नाही. इतक्या सूक्ष्म प्रमाणातील आयोडेटमुळे चव, रंग किंवा टिकण्यात फरक पडण्याचे कारण नसते. लोणचे बिघडते ते ओल्या कैरीने, ओल्या बरणीने किंवा मीठ-तेल कमी पडल्याने. पाकिटातले मीठ बारीक असते म्हणून वाटीच्या मापाने ते खड्यांपेक्षा जास्त भरते, एवढे ध्यानात ठेवून वजनावर घ्यावे. आयोडीनयुक्त खडे मीठही मिळते.

डॉक्टरांनी मीठ कमी खायला सांगितले आहे. मग आयोडीन कुठून मिळणार?

सल्ला डॉक्टरांचाच पाळावा. आयोडीन हवे म्हणून मीठ वाढवणे हा उपाय कधीच नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढणे आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचे असते.

पण हिशेब समजून घ्यावा. १५ भागांच्या किमान प्रमाणाने एक ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असते. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेले तर १५० मायक्रोग्रॅम होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते त्या ५ ग्रॅमच्या मर्यादेत राहिले तर ७५. मीठ ताजे आणि चांगले असेल, त्यात ३० भाग असतील, तर त्याच ५ ग्रॅमांत १५० मिळतात. म्हणजे जी बाई मीठ मोजून खाते तिच्यासाठी त्या थोड्या मिठाची प्रत अधिक मोलाची ठरते. उरलेली भर दूध, दही, अंडी यांतून घालावी लागते, आणि ती पुरेशी होत नाही असे वाटल्यास डॉक्टर आयोडीन असलेली गोळी देऊ शकतात. कमी सोडियमचे मीठ वापरायचे असेल तर त्यातही आयोडीन आहे का ते पाकिटावर पाहावे. त्यात पोटॅशियम जास्त असल्याने मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

मिठाखेरीज कशात आयोडीन असते?

समुद्री मासळीत सर्वांत चांगले. रोहू, कटला ही आपल्याकडच्या तलावांतली मासळी प्रथिनांसाठी उत्तम असली तरी तिच्यात आयोडीन समुद्री मासळीइतके नसते. दूध, दही, ताक आणि अंड्याचा बलक यांतून काही प्रमाणात मिळते, पण ते जनावराच्या खाद्यावर ठरते. संत्री आणि आवळा खूप खावे, त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. आयोडीन मात्र त्यातून मिळत नाही.

कोबी, फुलकोबी, सोयाबीन, बाजरी बंद करावी का?

नाही. या पदार्थांतले काही घटक थायरॉईडच्या कामात थोडा अडथळा आणू शकतात, पण ज्यांना आयोडीन पुरेसे मिळते त्यांच्यात नेहमीच्या प्रमाणात शिजवून खाल्लेल्या भाजीने त्रास होत नाही. गरोदर बाईचे ताट आधीच नकारांनी भरलेले असते. त्यात कोबीची भर घालू नये. तंबाखू आणि धूर यांची गोष्ट वेगळी. तंबाखूच्या धुरातील थायोसायनेट हे आयोडीन ग्रंथीत आणि आईच्या दुधात पोहोचण्यात आडवे येते, तेव्हा घरातल्या पुरुषांनी बिडी-सिगारेट दाराबाहेरच ठेवावी.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळ्यांत आयोडीन असते का?

लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते; आयोडीन नसते. कॅल्शियमच्या गोळीतही नसते. तरी लोहाची गोळी आयोडीनसाठीही महत्त्वाची आहे, कारण संप्रेरक तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागते. रक्त कमी असलेल्या बाईच्या शरीरात मिठातून आलेले आयोडीनही नीट वापरले जात नाही.

मग प्रत्येकीने आयोडीनची वेगळी गोळी घ्यावी का?

यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकी थायरॉईड संघटना गरोदर स्त्रीला रोज १५० मायक्रोग्रॅमची पूरक मात्रा सुचवते. दुसरीकडे बंगळूर आणि बँकॉक येथे ८०० हून अधिक गरोदर स्त्रियांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीन देऊनही पाच-सहा वर्षांच्या वयात मुलांच्या बौद्धिक विकासात फरक दिसला नाही. तिथली कमतरता सौम्य होती आणि गोळी दिवस राहिल्यानंतर सुरू झाली होती. मला यातून असे दिसते की जिथे मीठ ठीक आहे तिथे गोळीने फार भर पडत नाही. मात्र घरात सैंधवच वापरले जात असेल, मीठ फार कमी असेल किंवा दूध, अंडी, मासे काहीच खाल्ले जात नसेल, तर डॉक्टरांशी बोलून आयोडीन असलेले गरोदरपणाचे मल्टिव्हिटॅमिन घ्यावे. लेबलवर पोटॅशियम आयोडाइड आणि त्याची मात्रा लिहिलेली असावी. समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांतले प्रमाण बेभरवशाचे असते.

जास्त झाले तर अपाय होतो का?

होतो. गरोदरपणात रोज ५०० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन गेल्याने अधिक लाभ नसतो, आणि फार जास्त मात्रेने बाळाची ग्रंथी मंदावू शकते. ओट्यावरच्या मिठाने इतके प्रमाण गाठले जात नाही. जखमेवर दीर्घकाळ लावलेले पोव्हिडोन-आयोडीन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे ॲमिओडॅरोन आणि शेवाळाच्या गोळ्या यांतून ते होऊ शकते. असे काही चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झाला असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टर सांगतील तितके महिने, साधारण सहा, थांबावे लागते.

माझी थायरॉईडची गोळी चालू आहे. मी साधे मीठ खावे का?

नाही, आयोडीनयुक्तच खावे. तुमची गोळी तुम्हाला संप्रेरक देते, तर बाळाच्या ग्रंथीला पुढे स्वतःचे संप्रेरक बनवायला आयोडीनच लागते. दिवस राहिल्याची शंका येताच रक्तातील टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉईड कमी पडली की ते वाढते) तपासून घ्यावे, कारण बहुतेकींची मात्रा सुरुवातीलाच वाढवावी लागते. ती स्वतःच्या मनाने वाढवू किंवा बंद करू नये. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर किमान चार तासांनी. तिन्ही गोळ्या चहाबरोबर एकदम घेणाऱ्या बाया मला दर आठवड्याला भेटतात आणि मात्रा वाढवूनही टीएसएच का उतरत नाही असे विचारतात.

लघवीतील आयोडीन तपासून घ्यावे का?

एका व्यक्तीसाठी त्याचा उपयोग नाही. आज काय खाल्ले त्यावर आकडा बदलतो. ही तपासणी समूहासाठी असते. गरोदर स्त्रियांच्या समूहाचा मध्यांक, म्हणजे सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, लिटरमागे १५० ते २४९ मायक्रोग्रॅम असेल तर त्या भागातील आयोडीन पुरेसे समजतात.

बाळंतपणानंतर काय?

गरज तितकीच राहते, कारण सहा महिने बाळाला आयोडीन फक्त आईच्या दुधातून मिळते. बाळंतिणीला काही घरांत आठवडेच्या आठवडे अळणी जेवण देतात किंवा सैंधव घातलेला मऊ भात देतात; तो भात तसाच मऊ करावा, फक्त त्यात बरणीतले आयोडीनयुक्त मीठ घालावे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले तरी बाळासाठी वेगळे मीठ घालण्याची गरज नसते, वर्षभर तरी नाही. आई खाते तेच त्याच्यापर्यंत पोहोचत असते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच तपासता येते. आयोडीन पुरेसे असूनही काही बाळांची ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही, आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर त्यांची वाढ सर्वसामान्य मुलांसारखी होऊ शकते. तेव्हा रुग्णालयातून सुट्टी घेताना ही तपासणी झाली का, नसेल तर कुठे आणि कधी होईल, हे विचारूनच निघावे.